येळवशीचं आवतन

आमेर, तो मोबाईल खिशात घाल. विलास, तू त्या टायरावर बस, पण जपून. ते टायर तुझ्यासारखंच हाय, बाहेरून टणक आणि आतून हवा गेलेली. आणि मधूनमधून हूं म्हणत जा रे. हूं म्हणणारं कुणी नसलं की सांगणाऱ्याला झोप लागते, आणि आसाराम बप्पाला झोप लागली तर तुम्हाला या गॅरेजात पहाटेपर्यंत माझं घोरणं ऐकावं लागंल. लाईट काय, यायची तेव्हा येईल.

गोष्ट आपल्या जीवनची. होय, तोच, शाळेची पिवळी गाडी चालवणारा. तुम्ही म्हणाल बप्पा थापा मारतात. मारतो की. पण ही थाप असती तर मी तिला झकास शेवट लावला असता. खऱ्या गोष्टीला शेवट कुठून आणायचा? ती असते तिथंच थांबते.

तर दोन हजार चोवीस सालची येळवस. सोमवार होता, डिसेंबरची तीस तारीख. येळवस म्हणजे अमावस्या, एवढं तरी ठाऊक हाय का रे? बरं.

जीवन आदल्या रात्री भाडं घेऊन संभाजीनगरला गेलता आणि पहाटे परत आला होता. अंगावरचा शर्ट न काढता आडवा झाला. डोळा लागतो न लागतो तोच दोन्ही लेकरं छातीवर चढली. थोरला सम्यक, आठ वर्षांचा. धाकटी यशोधरा, पाचाची. घरात तिला यशीच म्हणतात.

"पप्पा, उठा ना. येळवस हाय. आदिनाथ काकानं बोलवलंय."

"काकाला सांग, पप्पा मेले."

"मेले तर बोलता कसे?" सम्यक म्हणाला. हे पोरगं पुढं वकील होणार, लिहून ठेवा.

जीवनच्या घरात भिंतीवर एका बाजूला बाबासाहेब, एका बाजूला बुद्ध. देवदेवस्की, उतारे, भूतखेत असलं काही त्या घरात चालत नाही. जीवनची आई भामाबाई तर अशी, की कुणी ओट्यावर बसून हडळीची गोष्ट काढली तर बादलीभर पाणी ओतून ओटा धुवायला घेते. मला तिनं दोनदा असं भिजवलंय. पण येळवशीची गोष्ट वेगळी. पूजा ज्याच्या रानात त्याची, जेवण सगळ्यांचं. आदिनाथ हा जीवनचा शाळेपासूनचा दोस्त, त्याचं रान युसूफ वडगावच्या शिवारात, अगदी रस्त्याला लागून. दरसाल आवतन ठरलेलं.

जीवनची बायको माया एका खाजगी दवाखान्यात सिस्टर आहे. ती आरशापुढं पिन लावत होती. म्हणाली, "मला आज ड्युटी दिवसबी हाय आणि रातबी. तुमी लेकरांना घेऊन जाऊन या. त्यांनी काय कायम घरातच बसायचं का? पण एक ऐका. येताना गाडीवर झोपू देऊ नका."

"न्हाई देत."

"न्हाई देत म्हणू नका नुसतं. आमच्याकडं आठवड्याला एखादं तरी येतंच. झोपेतलं लेकरू गाडीवरनं पडतं ना, ते वरडत न्हाई. बापाला घरी गेल्यावर कळतं मागं कुणी न्हाई म्हणून."

आणि तिनं स्वतःची निळी ओढणी काढून त्याच्या हातात दिली. "यशीला हिनं कमरंला बांधा. गाठ पुढं घ्या, तुमच्या पोटावर. हाताला लागली पायजे."

झालं. मोटारसायकल निघाली. बाप मधी, पोरगा टाकीवर, पोरगी मागं.

येळवशीला रान कसं दिसतं ते तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही रीलमध्येच बघता. ज्वारी पुरुषभर उंच. मधे कडब्याची कोप, तिच्यात पांडव, म्हणजे चुन्यानं रंगवलेले पाच दगड, मांडलेले. शेंगाभाज्यांची भज्जी, वाफवलेले उंडे, बाजरीची भाकरी, गव्हाची खीर आणि मडकंभर आंबील. घरचे, दारचे, गावचे, शहरचे, सगळे मांडी घालून. आणि त्या दिवशीचा रिवाज एकच. वाटेनं जाणाऱ्याला हाक मारायची आणि जेवू घालायचं. ओळख लागत नाही. जात विचारत नाहीत. म्हणजे आता तरी नाहीत.

आदिनाथची आई चंद्रभागाबाई. पाठ वाकलेली, पण जीभ सरळ. तिनं यशीला जवळ बोलावलं.

"यशे, तुला एक काम देऊ का?"

"कंचं?"

"बांधावर हुबी राहा. रस्त्यानं कुणीबी जाताना दिसलं की म्हणायचं, या, जेवायला या. आज कुणी उपाशी जायाचं न्हाई."

"कुणीबी?"

"कुणीबी."

बस. पोरीला जणू सरकारी नोकरी लागली. कमरेवर हात ठेवून बांधावर उभी. उसाचा ट्रॅक्टर आला, "या, जेवायला या!" तो बिचारा खरंच थांबला, दोन ट्रॉल्या रस्त्यात लावून चार उंडे हाणून गेला. दूधवाला आला, जेवून गेला. कानात वायरी घातलेलं एक पोरगं आलं, त्याला ऐकू गेलं नाही तर ही त्याच्या मागं पळाली. गाढव आलं. गाढवालाही म्हणाली. गाढव तेवढं थांबलं नाही. त्याला मान राखायची सवय नसेल.

जीवननं तीन वाटग्या आंबील प्यायली आणि कोपीच्या सावलीत कलंडला. रात्रभराची गाडी आणि वरून आंबील. मेल्यासारखा झोपला. त्याला कुणी उठवलं नाही. डोळे उघडले तेव्हा सगळीकडं काळोख, आणि बांधाबांधानं कडब्याचा जाळ फिरवायचा रिवाज उरकून माणसं घराकडं परतलेली.

"राहा की बे हितंच," आदिनाथ म्हणाला. "लेकरं पेंगाय लागलीत. थंडी बघ किती पडलीय."

"उद्या शाळा हाय. सहाला गाडी काढायचीय."

"मग कावून झोपला एवढा?"

"मी झोपलो न्हाई, पडलो."

चंद्रभागाबाईनं तीन खणांचा डबा भरून दिला. खाली भज्जी, मधे खीर, वर भाकरी. जीवननं तो हँडलला अडकवला. सम्यकला टाकीवर घेतलं. यशीला खोकला होता, म्हणून तिला वाऱ्यापुढं घ्यायचं नव्हतं. तिला मागं बसवलं, कानटोपीचे बंद हनुवटीखाली बांधले, आणि ओढणीचे दोन वेढे देऊन पोटावर गाठ मारली. गाठ ओढून बघितली. पुन्हा ओढून बघितली. साडेआठ वाजले होते. अंबाजोगाईपर्यंत रस्ता तासाभराचा.

"आता गोष्ट सांगतो," जीवन म्हणाला. "दोघांनीबी हूं म्हणायचं. ज्याचा हूं आला न्हाई त्याला उद्या शाळेत चालत धाडीन."

"गोष्ट कशाची?"

जीवनच्या डोक्यात काय असणार? दिवसरात्र एकच. "एक होता हत्ती," तो म्हणाला. "त्यानं शाळेची गाडी घेतली."

"हूं," टाकीवरून.

"हूं," पाठीमागून. यशी तोंड त्याच्या पाठीला लावून बोलायची. तिचा हूं ऐकू यायच्या आधी स्वेटरातून उबदार लागायचा. मागं कुणीतरी आहे, हे कळायला जीवनला तेवढं पुरत होतं.

हत्तीची गाडी निघाली. ससा चढला, खार चढली, कोल्ह्याची दोन पोरं चढली. कोल्ह्यानं फी थकवलेली म्हणून हत्ती त्याच्यावर चिडला होता. सम्यक हसला. जीवनचे डोळे जळजळत होते. समोरचा उजेड पिवळा, खड्डे काळे, दोन्ही कडेला ज्वारी, आणि ज्वारीच्या वर काहीच नाही. त्याला वाटलं, या हत्तीला कुणीतरी घरी नेऊन झोपवावं.

तेवढ्यात मागून जोरात आवाज आला. "या, जेवायला या!"

जीवन दचकला. "कुणाला गं?"

"त्या झाडाला."

सम्यकला हसू आवरेना. पुढं मैलाचा दगड आला. "या, जेवायला या!" बंद टपरी आली. "या, जेवायला या!" कुत्रं आलं, विजेचा खांब आला, यशीची नोकरी चालूच.

चांगला बाप असता तर म्हणाला असता, बास बाई, दिवस बुडला, आता हाका मारू नये. रानात कुणीही म्हातारं माणूस हेच म्हणालं असतं. पण जीवन दमला होता. त्याच्या मनात आलं, ओरडतेय म्हणजे जागी आहे. जागी आहे म्हणजे पडणार नाही. ओरडू दे.

त्यानं तिला ओरडू दिलं.

पुढं उतार लागला. उताराच्या तळाशी ओढा, ओढ्यावर फरशी, म्हणजे बुटका पूल. तिथं नेहमी थंड असतं, पण त्या रात्री गुडघ्यापर्यंत पाण्यात शिरल्यासारखं वाटलं. जीवननं गाडी हळू केली. उजेड फरशीच्या कडेवरून फिरला. कडेला काहीतरी होतं. कडब्याची पेंढी असावी. कुणाच्या गाडीतून पडली असेल. मग उजेड पुढं गेला.

"या वो, जेवायला या!" यशी म्हणाली.

या वेळी ओरडली नाही. साधं म्हणाली, जसं दारात आलेल्या माणसाला म्हणतात.

फरशी मागं पडली. चढ सुरू झाला.

"पप्पा, येते म्हणली."

"कोण गं?"

"ती मावशी."

जीवननं मागं बघितलं नाही. गाडी चालवताना मागं बघत नाहीत, एवढंच. "बरं," तो म्हणाला. "तर हत्तीनं गाडी चालू केली..."

"हूं."

"हूं."

चढावर गाडी दम खायला लागली. तिसऱ्यात ओढेना. दुसरा टाकला. दुसऱ्यातही कण्हत चालली. पुढचं चाक हलकं, हँडल हातात लागेना, जसं मागं दोन पोती टाकल्यावर होतं. पंक्चर, जीवनला वाटलं. आता या थंडीत पंक्चर. त्यानं गाडी कडेला घेतली, पाय टेकवला, मागं हात नेऊन चाक चाचपलं. टायर दगडासारखं टणक. यशीचा गुडघा हाताला लागला. ओढणीची गाठ पोटावर होती तिथंच होती.

काही नाही. तो पुन्हा निघाला.

"कुठवर आलो होतो?"

"कोल्ह्याची पोरं भांडाय लागली," सम्यक म्हणाला.

"हां. तर कोल्ह्याची पोरं भांडाय लागली."

"हूं," टाकीवरून.

"...हूं."

मागचा हूं आला. पण पाठीला ऊब लागली नाही.

जीवननं ते ध्यानात घेतलं नाही. म्हणजे घेतलं, पण वारं आहे म्हणाला. थंडीनं पाठ बधिर झालीय म्हणाला. माणूस दमला की असं दहा गोष्टींना काहीतरी म्हणून टाकतो. तो सांगत राहिला. हत्तीनं पोरांना दम दिला. हूं. हूं. हत्तीनं खिडक्या लावून घेतल्या. हूं. हूं. खड्डा आला, गाडी आदळली, आणि मागं काकणं वाजली.

काचेची. भरल्या हाताची.

यशीच्या हातात काकणं नव्हती.

जीवन गप्प झाला. गोष्ट थांबली. नुसतं इंजिन... आणि वारं... आणि ज्वारी.

"हूं," मागून आलं.

तो काहीच बोलला नव्हता.

सम्यकनं बापाच्या काखेतून वाकून मागं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हळूच सरळ झाला. मान खाली घातली. दोन्ही हातांनी बापाचं मनगट धरलं.

"पप्पा."

"काय रे."

"यशी झोपलीय."

जीवनची नजर रस्त्यावरच होती.

"मघापासनं झोपलीय."

जीवननं डावा हात हँडलवरून काढला आणि पोटावर नेला. गाठ होती. तिथून ओढणीच्या कडेकडेनं मागं नेला. यशीचा हात लागला. लोळागोळा. झोपेतला. त्याच्या पलीकडं हात न्यायची त्याला हिंमत झाली नाही. त्यानं हात परत आणला. हँडल धरलं.

"मागं..." सम्यक म्हणाला, आणि त्यानं मनगट आणखी घट्ट धरलं.

रस्ता मोकळा. पुढं दिवा नाही. मागं दिवा नाही.

मग मागून आवाज आला. बाईचा. घसा कोरडा पडलेला. रागाचा नव्हता. दिवसभर काम करून आलेलं माणूस बोलतं तसा.

"...पुढं?"

गाडी आपोआप हळू झाली. हळू... आणखी हळू. आता बंद पडणार. इथं. या ज्वारीत. यशी मागं. तिच्या आणि त्याच्या मधी एक ओढणी, आणि तिच्या मागं...

"पुढं," तो म्हणाला. "पुढं हत्ती... हत्ती निघाला."

गाडीनं उचल खाल्ली.

"हूं."

आता मायाचं म्हणणं त्याच्या कानात वाजत होतं. पडतं तेव्हा वरडत न्हाई. त्यानं एका हातानं गाठ धरली. घट्ट धरली. एका हातानं गाडी चालवली. आणि गोष्ट सांगितली. थांबलं की गाडी थांबते, हे त्याला कळलं होतं. म्हणून थांबला नाही. ज्याला शाळेच्या स्नेहसंमेलनात आभाराचे दोन शब्द बोलता आले नव्हते तो माणूस त्या रात्री बोलत सुटला. हत्तीनं सशाला घरी सोडलं. सशाची आई दारात उभी होती. हूं. खारीला घरी सोडलं. खारीच्या आजीनं भाकरी केली होती. हूं. कोल्ह्याच्या पोरांना सोडलं. मोराला सोडलं. नव्हताच मोर गाडीत, तरी सोडलं. मुंगसाला सोडलं. हूं... हूं... डोळ्यांतून पाणी गळत होतं, वाऱ्यानं की कशानं ठाऊक नाही. घसा फाटला. रस्ता संपेना. किती वेळ झाला? चढ आले, वळणं आली, त्याच बाभळी पुन्हा आल्यासारख्या वाटल्या. सांगायला पोरं उरली नाहीत. रानातली सगळी जनावरं घरी पोचली.

"मग हत्तीनं... सगळ्यांना घरी सोडलं," जीवन म्हणाला.

हूं आला नाही.

गाडी हळू झाली.

"...सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

काकणं एकदा वाजली.

"फरशीवरची ऱ्हायली."

सम्यकच बोलला. त्यानं मान वर केली नाही. खालीच बघत, टाकीला सांगितल्यासारखं म्हणाला, "तिला हत्तीनं जेवायला नेलं. घरी."

"...हूं."

गाडी पुन्हा पळाली. आणि समोर अंबाजोगाईचे दिवे दिसले.

विलास, आता काय झालं? मागं काय बघतोस? मागं भिंत आहे. भिंतीला टेकून बस.

गल्लीत सामसूम होती. दारात भामाबाई उभी. अंगावर घोंगडी, हातात बॅटरी. पोराचा चेहरा बघायच्या आधीच तिनं तोंड सोडलं.

"बारा वाजून गेलेत, जीवन! फोन कावून लागत न्हाई? मायाचे पाच फोन आले. तिला काय सांगू, लेकरं घेऊन कुठं मेलास?"

"बारा?" जीवन म्हणाला. तो गाडीवरच बसून होता. पाय टेकवून. उतरला नाही. हात गाठीवर.

"उतर की."

तो उतरेना. सम्यक खाली घसरला, आजीपाशी गेला, तिच्या घोंगडीत शिरला. "आज्जी," म्हणाला, "यशीनं एका मावशीला जेवायला बोलवलंय. ती आलीय."

भामाबाईनं बॅटरी गाडीच्या मागं धरली. यशीवर धरली. मग यशीच्या मागं धरली. तिथं काय दिसलं, का काहीच दिसलं नाही, ते तिनं आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही. मी विचारलं तर मला पुन्हा भिजवलं. तिनं एवढंच केलं, बॅटरी विझवली. कुणाच्या तोंडावर उजेड धरू नये म्हणून विझवतात, तशी.

"कंच्या रानातनं बोलवलं?" तिनं हळू विचारलं.

"ओढ्याच्या फरशीवरनं," जीवन म्हणाला. "आई, तुला तर हे असलं..."

"तू गप. मी भुताला वाढत न्हाई. पावन्याला वाढतेय. माझ्या नातीनं बोलवलंय ना? मग बोलवलेल्या माणसाला दारातनं हाकलायचं का?"

ती आत गेली. ताट घेऊन आली. डबा सोडला. भज्जी वाढली, खीर वाढली, भाकरी मोडून ठेवली. तांब्या भरून ठेवला. पायरीच्या बाजूला, गाडीपाशी, सतरंजीची घडी टाकली. मग पदर डोक्यावर घेऊन अंधाराला म्हणाली, साध्या आवाजात.

"बसा, बाई. लई लांबनं आलासा. सावकाश जेवा. लेकराला झोप लागलीय, तिला आत नेते."

तिनं ताटापासून दोन पावलं मागं घेतली.

गाडीचा मागचा भाग हळूच वर आला. ओझं उतरल्यावर वर येतो, तसा.

भामाबाई पुढं झाली. जीवनच्या पोटावरची गाठ तिनं सोडली. सोडायला वेळ लागला, इतकी घट्ट होती. त्यानंच मारलेली, जशीच्या तशी. यशीला तिनं कानटोपीसकट खांद्यावर घेतलं, आत नेऊन गोधडीत घातलं, दिवा न लावता. जीवन भिंतीला टेकून खाली बसला. त्याला रडू आलं नाही. बसल्या जागी झोप आली. एवढी मोठी भीती आणि तिच्यावर मात केली झोपेनं. दमलेल्या माणसाचं असं असतं.

मध्येच एकदा त्याला बाहेर काकणं वाजल्याचं ऐकू आलं. ताट सरकल्याचं ऐकू आलं. मग काही नाही.

सकाळी ताट रिकामं होतं. हसू नको आमेर, गल्लीत कुत्री आहेत हे मलाही ठाऊक आहे. ताटाचं जाऊ दे. कुत्र्यानं खाल्लं म्हण, मांजरानं खाल्लं म्हण. जीवनही तेच म्हणाला. पहाटे उठून चेहऱ्यावर पाणी मारलं, पिवळ्या गाडीला किक... किक कसली, चावी फिरवली आणि निघाला. दुसऱ्यांची लेकरं शाळेत सोडायची होती. दमलो होतो, डुलकी लागली असेल, वाटेत कुठं थांबलो असेन, असं स्वतःला सांगत. काकणं म्हणजे डब्याची कडी. आवाज म्हणजे सम्यकचा. सगळं बसवून टाकलं. तासाभराच्या वाटेला साडेतीन तास कसे लागले तेवढं बसलं नव्हतं.

आठला माया आली. दोन ड्युट्या करून, डोळे सुजलेले. चप्पल न काढता आधी लेकरांकडं गेली. यशीचे हात बघितले, गुडघे बघितले, डोकं मागून चाचपलं. कुठं खरचटलेलं नाही. मग तिथंच खाली बसली, आणि झोपलेल्या यशीच्या हनुवटीखालचे कानटोपीचे बंद सोडले.

टोपी काढली आणि तिचे हात थांबले.

"आई," तिनं सासूला हाक मारली. "हिची येणी कुणी घातली?"

भामाबाईनं येऊन बघितलं. मी न्हाई, अशी मान हलवली.

यशीचे केस खांद्यापर्यंतचे. काल सकाळी मायानं घाईत नुसता रबर लावला होता. आता मधोमध सरळ भांग होता. कंगव्यानं पाडलेला. केसांना तेल होतं, खोबऱ्याचं नव्हे, करडईचं. त्या घरात करडईचं तेल येत नाही. आणि दोन्ही बाजूंना दोन बारीक वेण्या, पाचपेडी, कपाळापासून मागपर्यंत, इतक्या नीट की एक केस सुटा नाही आणि एक केस ओढलेला नाही.

जीवन पोरं सोडून परत आला तेव्हा माया तशीच बसलेली होती.

"रात्री कुठं थांबला व्हतात?" तिनं विचारलं.

"कुठंच न्हाई. चाक बघायला मिनिटभर. यशी बांधलेलीच होती. टोपीबी मी काढली न्हाई."

"अशी येणी घालायला लेकरू मांडीवर घ्यावं लागतं," माया म्हणाली. "उजेडात. तास तास."

तो गुडघ्यावर बसला आणि वेणीचं टोक बोटांत धरून त्यानं बघितलं. तिथं रबर नव्हता, रिबीन नव्हती. ज्वारीचं पान उभं चिरून त्याची पट्टी गुंडाळली होती आणि तिला बारीक गाठ मारली होती. पान हिरवं होतं. त्याच्या बोटाला अजून ओलं लागत होतं.